कोर्स फुकट, पण कोड कोण तपासणार?

कोडिंग शिकायचंय? साहित्य ढीगभर आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. तरीही फ्रेशर अडकतायत. नेमके कुठं?

माझ्या रूममेटनं बीएस्सी कम्प्युटर सायन्स झाल्यावर पुण्यातल्या एका क्लासला पासष्ट हजार रुपये भरले. सहा महिने, फुल स्टॅक आणि पाटीवर ठळक अक्षरात '१०० टक्के प्लेसमेंट'. प्लेसमेंट म्हणजे काय, तर कोर्स संपल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या चार मुलाखतींच्या लिंक. त्यातल्या दोन ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव हवा होता. फीसाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. हप्ते अजून सुरू आहेत.

एका रात्री ती म्हणाली, ''व्हिडिओ बघताना सगळं कळायचं गं. पण कोरी फाइल उघडली की हातच चालत नाहीत.''

यात आळस नाही, हुशारीची कमतरताही नाही. मग चुकतंय कुठं?

पहिली पायरीच डळमळली

आपल्या आधीच्या पिढीचं गणित सोपं होतं. इंजिनीअरिंग करा, कॅम्पसमधून मोठ्या कंपनीत लागा, बाकीचं कंपनी शिकवेल. पगार कमी, पण पहिली दोन वर्षं म्हणजे पगारी शिक्षणच! पगाराचं म्हणाल तर बड्या आयटी सेवा कंपन्यांत साध्या फ्रेशरचं पॅकेज दहा वर्षांहून जास्त काळ तीन-चार लाखांतच घुटमळतंय. आता त्यातला शिकण्याचा भागही पूर्वीसारखा हमखास राहिलेला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून जास्त ट्रेनींना घरी पाठवलं. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. त्यातल्या अनेकांनी ऑफर लेटर मिळाल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ जॉइनिंगची वाट पाहिली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जाहीर केलं की सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार. त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. हे एआयमुळे नाही, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही म्हणून, असा कंपनीचा खुलासा होता.

दोन्ही बातम्यांचा आपल्यासाठी अर्थ एकच. शिकण्याची जबाबदारी कंपनीच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आली आहे. आत जाण्याआधी आणि आत गेल्यावरही.

साहित्याचा दुष्काळ नाहीच

मग शिकायचं कुठं? खरं तर इतकं साहित्य आजवर कुठल्याच पिढीच्या हातात नव्हतं. हार्वर्डचा सीएस-५० हा कोर्स ऑनलाइन फुकट करता येतो. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स एनपीटीईएलवर आहेत. ती बघायला पैसे लागत नाहीत, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी असते. फ्री-कोड-कॅम्प २०१४ पासून विनामूल्य शिकवतंय. इंग्रजीची धास्ती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत.

म्हणजे पासष्ट हजारांत विकला गेलेला मजकूर बव्हंशी फुकट मिळतो. तरी क्लास चालतात, कारण तिथं वेळापत्रक मिळतं, सोबत मिळते आणि मुख्य म्हणजे हमी मिळते. त्या हमीबद्दलही एक गोष्ट ठाऊक असू द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हमखास निवड, हमखास नोकरी असे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे. पाटी बघून फी भरण्याआधी एवढं तरी विचारा, की गेल्या बॅचमधले किती जण, कुठं लागले? लेखी द्याल का?

जे फुकट मिळत नाही ते

रूममेटच्या क्लासमध्ये सहा महिन्यांत तिचा कोड कुणीच वाचला नाही. चालला की पुढचा धडा. फुकटच्या व्हिडिओंतही हीच गोष्ट नसते. आपण लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून, 'हे चालतंय, पण उद्या मोडेल. का ते सांगतो,' असं म्हणणारं माणूस.

कंपनीत याला कोड रिव्ह्यू म्हणतात. सीनियर लोक खरे तयार होतात ते तिथं. पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकत नाही. काठावर ओरडणारं कुणीतरी लागतंच.

हल्ली यावर उत्तर येतं, एआयला विचार ना! विचारावंच. पण त्याचं बोट किती धरायचं, तेही कळायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुंदर पिचाई म्हणाले की गुगलमधला चतुर्थांशाहून जास्त नवा कोड एआय लिहितं. आपण इथंच वाचायचं थांबतो. पुढचा भाग असा, की तो कोड इंजिनीअर तपासतात आणि मगच स्वीकारतात. जुलै २०२५ मध्ये एमईटीआर या संशोधन संस्थेनं १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एआय वापरल्यावर त्यांना काम पूर्ण करायला १९ टक्के जास्त वेळ लागला, पण आपलं काम २० टक्के लवकर झालं असंच त्यांना वाटत होतं! प्रयोग छोटा आहे, सगळ्यांना लागू होईल असं नाही. पण मुरलेली माणसं अशी फसत असतील, तर आपलं काय?

लिहायचं काम यंत्र करू लागलं, की किंमत येते ती तपासणाऱ्याला. आणि तपासणं शिकायचं तर आधी स्वतःचा कोड कुणाकडून तरी तपासून घ्यावा लागतो.

मग करायचं काय?

- एकच कोर्स धरा आणि पूर्ण करा. तीन अर्धवट कोर्सपेक्षा एक संपलेला बरा.
- कोर्सच्या बाहेरचं काहीतरी बनवा. काकांच्या किराणा दुकानाची उधारीची वही, मेसचा हिशोब, काहीही. पण कुणीतरी ते खरंच वापरलं पाहिजे.
- ओपन सोर्समध्ये छोटी दुरुस्ती पाठवा. मोठ्या प्रकल्पांत अनोळखी, अनुभवी माणसं तुमचा कोड फुकट वाचतात. २००५ पासून चालणाऱ्या 'गुगल समर ऑफ कोड'मध्ये तर मेंटॉर आणि मानधन, दोन्ही मिळतं.
- जवळपास कुणीच नसेल, तर वर्गातले चौघं मिळून दर रविवारी एकमेकांचा कोड वाचा.
- एआयनं दिलेली ओळ समजावून सांगता येत नसेल, तर ती वापरू नका.

यानं नोकरी नक्की लागेल का? अशी हमी मी दिली, तर माझ्यात आणि त्या पाटीत फरक काय? बाजार मंद असला की चांगली मुलंही थांबून राहतात, हे खरंच आहे.

रूममेटनं ऑगस्टमध्ये एका ओपन सोर्स प्रकल्पाला वीस ओळींची दुरुस्ती पाठवली. त्यावर नऊ कमेंट आल्या. त्या रात्री ती न जेवता झोपली. मग आठवडाभर बसून एकेक कमेंट दुरुस्त केली आणि तिचा कोड स्वीकारला गेला. गेल्या आठवड्यात तिची मुलाखत झाली. सर्टिफिकेटबद्दल एकही प्रश्न नाही, पण त्या वीस ओळींवर बराच वेळ बोलणं झालं. निकाल अजून यायचाय. सध्या ती वडिलांसाठी पतसंस्थेच्या हप्त्यांचा हिशोब ठेवणारं ॲप बनवतेय.

आणि हो, कोरी फाइल उघडली तरी आता तिचे हात थांबत नाहीत.