जसा प्रकाश, तसा वेष

वाशीमकडच्या तळ्याच्या पायरीवर ज्याचा पाय एकदांही घसरला नाहीं असा गृहस्थ विरळा. शेवाळास दोन शब्द ऐकवून आपण घरीं येतों. परंतु त्या हिरव्या थरांत नीलहरित सूक्ष्मजंतूंचीही वस्ती असते, आणि तिचें शहाणपण पाहिलें म्हणजे आम्हांस आपल्या रागाची लाज वाटते.

हे जंतु सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करितात. प्रकाश मंद झाला, कीं पदर अधिक पसरावा तसें ते अंगांतील रंगद्रव्य वाढवितात. ऊन प्रखर झालें, कीं तें आवरतें घेऊन पिवळ्या-नारिंगी द्रव्यांची छत्री उघडतात. त्यांतील कांहीं जाती तर वर्णही पालटतात: तांबड्या उजेडांत निळसर हिरव्या, हिरव्या उजेडांत तांबूस. रशियन शास्त्रज्ञ गायदुकोव्ह यानें हा पालट १९०२ सालीं नोंदविला. जो प्रकाश वांट्यास येईल, तोच टिपणारें द्रव्य बनवावयाचें, हें त्यांतील मर्म.

रिसोडच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें खारें सरोवर आहे. एरवीं तें अशाच जंतूंनीं हिरवें दिसतें. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें. असें कांहीं घडलें म्हणजे अपशकुनाची शंका आधीं येते. परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें, तों कारण निघालें मिठांत वाढणारे निराळेच सूक्ष्मजीव. पाणी आटून क्षार वाढला, त्यांचें फावलें. पाऊस पडला, रंग उतरला. हें वेष बदलणें नव्हे, बिऱ्हाडकरू बदलणें होय. जुळवून घेण्यासही मर्यादा असते, ती अशी.

वडीलधाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. एकाच घरांत कोणाच्या वांट्यास ओसरीवरचें ऊन येतें, कोणाच्या माजघरांतील काळोख. धाकटी सून "मला चालतें" म्हणते, तो आपण तिचा स्वभाव समजतों. परंतु तिनें मंद उजेडांत भागविलें, एवढ्यावरून तो उजेड पुरेसा होता असें ठरत नाहीं. जंतूचेंही तसेंच, प्रकाश मुळींच नसेल, तर कितीही रंगद्रव्य असून तें व्यर्थ.

म्हणून आमची एवढीच विनंति: हा अंक या खेपेस ओसरीवर न थांबवितां प्रथम आंत पाठवावा, आणि माजघराची खिडकी उघडून, तिच्याशीं बसून, तो आधीं तिनेंच वाचावा.