तळघर आणि ढोली

फ्रान्स देशांतील शोकीन गृहस्थ आपल्या तळघरांत वाइनच्या बाटल्या वर्षानुवर्षें जपून ठेवतात. बाटली आडवी ठेवावयाची, म्हणजे बूच ओलें राहून वारा आंत शिरत नाहीं. तळघर अंधारें, आणि उष्णमान १२-१३ अंशांच्या आसपास. पंधरा-वीस वर्षांनीं बाटली उघडली, कीं तळचा गाळ मागें राहील अशा बेतानें ती दुसऱ्या पात्रांत ओततात, रंग पाहतात, वास घेतात, आणि मगच घोट घेतात. बोर्दो प्रांतांतील तांबड्या वाइनची जी प्रतवारी १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं झाली, ती थोड्या फरकानें अद्यापि चालू आहे.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं ह्या पदार्थास थारा नाहीं हें आम्ही जाणतों, आणि तो मिळावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु मुरविण्याच्या ह्या विद्येंतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. फ्रान्समधील बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत संपवावयाची असते. ठेवल्यानें ती बिघडते. जिच्यांत द्राक्षाच्या सालींतून व बियांतून उतरलेला तुरटपणा आणि अंगचा आंबटपणा भरपूर, तीच काळास पुरून उरते. तुरट द्रव्य हळूहळू गोळा होऊन तळाशीं बसतें व चव मृदु होते. मात्र ताज्या फळाचा सुगंध निघून जातो. काळ कांहीं देतो, तसें कांहीं नेतोहि.

भंडारा जिल्ह्यांत उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांकडे जातो. तेथें असलें तळघर कोठून असणार? पण हा तलावांचा व धानाचा मुलूख, आणि येथें मुरविण्याचें काम ढोलीनें केलें. कडकडीत वाळविलेलें धान शेणामातीनें लिंपलेल्या ढोलींत भरावयाचें, त्यांत कडुलिंबाचा पाला घालावयाचा, आणि लागेल तसें काढून कांडावयाचें. वर्ष उलटल्यावर दाण्यांतील पिष्ट व प्रथिनें अधिक घट्ट बांधलीं जातात. असा तांदूळ पाणी जास्त ओढतो, चांगला फुगतो, आणि शितें सुटीं होतात. नव्याचा भात मात्र गिचका होतो. नवें धान्य जड व वर्षाचें जुनें हलकें, असें आयुर्वेदानेंहि सांगितलें आहे. हें मुरणें सालीसकट व्हावें. कारण साल निघाल्यावर कोंड्यांतील तेल लवकर खवट होतें.

येथेंहि काळ आपली किंमत घेतोच. भौगोलिक मानांकन मिळालेलें भंडाऱ्याचें चिन्नोर सुवासिक खरें, पण तो सुवास उडून जाणारा. ठेवल्यानें तो मंदावतो. म्हणून नवान्नाच्या पानावर नवें चिन्नोर वाढावें, आणि आजाऱ्याच्या पथ्याला व रोजच्या मोकळ्या भाताला जुना तांदूळ घ्यावा, हेंच शहाणपणाचें.

एक मोठा फरक मात्र सांगितला पाहिजे. मुरविण्याजोग्या वाइनच्या बाटलीवर साल छापलेलें असतें. ढोलीचें साल घरांतील वडील बाईच्या ध्यानांत असे. कोणत्या तांदळास किती आधण, हें ती दाणा दांताखालीं धरून सांगे. आतां धान कापणीनंतर खरेदी-केंद्रावर जातें व घरांत पिशवींतला तांदूळ येतो. पिशवीवर भरल्याची तारीख असते, धान कोणत्या हंगामाचें तें बहुधा नसतें. ढोली गेली तर फार तर एक कोपरा मोकळा होईल. पण आजीबरोबर जें जाईल तें कोठल्या दुकानांत मिळावयाचें?

ज्यांच्या घरीं अद्याप शेती आहे त्यांनीं यंदाच्या धानाचें एक पोतें वेगळें ठेवावें. त्यावर साल, वाण व शेताचें नांव लिहावें. पुढच्या दिवाळीनंतर नवें-जुनें शेजारी-शेजारी शिजवावें, आणि सुनांनीं व मुलांनीं दोन्ही घांस घेऊन आजीस विचारावें, कोणास पाणी किती लागलें. तिचें उत्तर त्याच दिवशीं वहींत उतरून घ्यावें.