सिंहाचे कूळ शोधताना

औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा हिंगोली जिल्ह्यातल्या पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. नरसीचे नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तेथून हुसकून मागच्या बाजूला घालवले, आणि नामदेव जिकडे गेले तिकडे देवळानेच आपले तोंड फिरवले. देवळाचे तोंड आज जिकडे आहे तिकडे का, याचे उत्तर म्हणून सांगितली जाणारी ही पूर्वकथा आहे. इतिहास म्हणून ती टिकायची नाही, हे आम्हालाही कळते. पण ती ऐकल्यावर देऊळ पूर्वीसारखे दिसत नाही. समोरच्या दगडी वास्तूत एका शिंप्याचा अपमान बसलेला आहे, हे एकदा कळले की विसरता येत नाही.

पूर्वकथेने एवढे तरी करावे, अशी आमची साधी अपेक्षा आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाहण्याची आमची नजर तिने बदलावी. नसेल बदलत, तर ती सांगण्याचे कारण काय?

डिसेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘मुफासा : द लायन किंग’ पाहून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९४ सालच्या हाताने रेखाटलेल्या ‘द लायन किंग’चा २०१९ मध्ये संगणकी अवतार झाला. त्यात खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एकच होते, बाकी सिंह, गवत, ऊन, धूळ सारे संगणकाने घडवलेले. त्यावर आता हा प्रीक्वेल. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स, म्हणजे ‘मूनलाइट’सारखा हळवा आणि धीट चित्रपट करणारा माणूस. त्यामुळे आमची अपेक्षा वाढली होती, हे कबूल करतो. (मराठवाड्यातल्या मुलांना हा सिंह एक तर इंग्रजीतून भेटला किंवा हिंदीतून. हिंदी रफीकीला आवाज मकरंद देशपांडे यांचा, टिमॉनला श्रेयस तळपदे यांचा. घसे मराठी, भाषा तेवढी नव्हे. असो, ते दुखणे वेगळे.)

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. येथे सिंहाचे कूळ शोधले आहे, आणि प्रारंभी तरी त्यातून मोठी गंमत हाती लागते. मुफासा राजपुत्र नाहीच. पुरात आईबापांपासून ताटातूट झालेला, वाहत आलेला तो एक अनाथ छावा. त्याला वाचवतो टाका, म्हणजेच पुढचा स्कार. खरा राजवंशीय तो. टाकाचा बाप या उपऱ्याला आपल्यात घ्यायला तयार नाही, म्हणून मुफासा सिंहिणींच्या कळपात वाढतो आणि शिकार शिकतो. मूळ चित्रपटात सिंहासन रक्ताने मिळत होते, बापाकडून मुलाकडे. येथे कळते की त्या रक्ताचा उगमच राजघराण्यात नाही. केवढा स्फोटक शोध हा! राजा जन्माने की गुणाने, हा प्रश्न ज्या समाजाने शतकानुशतके अंगावर वागवला त्या समाजातल्या प्रेक्षकाने तर खुर्चीत सावरून बसावे.

आणि मग चित्रपट हा प्रश्न हळूच मिटवून टाकतो. अनाथाला राज्य मिळते, पण त्याच्यापुढे राज्य पुन्हा रक्तानेच चालणार असते. ही सारी कथा रफीकी सांगतो कोणाला, तर सिंबाची लेक कियारा हिला, म्हणजे वारसालाच. आजोबा परके होते हे ऐकून नातीला आपल्या अधिकाराविषयी एखादी शंका यावी, तर तसे काही नाही. ती अधिक निश्चिंत होते. दुसरीकडे टाकाचा स्कार का झाला? साराबीचे मन मुफासावर बसले म्हणून. ज्याचे वंशपरंपरेने आलेले राज्य एका उपऱ्याच्या कर्तृत्वापुढे निरर्थक ठरले, त्याच्या मनात काय उलथापालथ झाली असेल! ते सारे प्रेमभंगाच्या एका प्रसंगात गुंडाळले आहे. व्रण कसा आला हे दाखवले, वेदना मात्र दाखवायची राहून गेली.

पाण्यावर वाहत आलेले मूल मराठी वाचकाला काही नवे नाही. कर्णाला तो ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) या दोन कादंबऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या भेटत आला आहे. कुंती युद्धाच्या तोंडावर कर्णाला त्याचे कूळ सांगते, ती पूर्वकथाच. ती सांगून झाल्यावर युद्धातला प्रत्येक बाण भावाचा भावावर असतो. पुढची एकही घटना बदलत नाही, तरी सगळीच असह्य होते. ‘मुफासा’ पाहून मूळ चित्रपटातला कोणता प्रसंग असा असह्य होतो, ते कोणी आम्हाला सांगावे. भाऊ भावाला कड्यावरून ढकलतो, तो प्रसंगसुद्धा होता तसाच राहतो.

‘लहान मुलांचा सिनेमा आहे, त्यात कसले कूळ आणि कसली व्यवस्था’, असे आमचे काही अध्यापक मित्र म्हणतील. तेच मित्र वर्गात पंचतंत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतात. प्राण्यांच्या गोष्टीला गंभीर मानायचे ते ती संस्कृतात किंवा पालीत असली तरच, हा कसला न्याय?

पालीवरून आठवले. प्राण्यांची पूर्वकथा आणि अॅनिमेशन यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी, तीही मुंबईतच पडली होती. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ मध्ये ‘द बॅनयन डिअर’ हा लघुपट तयार झाला. विषय होता निग्रोधमृग जातक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ते साल १९५६. सरकारी विभागाच्या मनात तो संबंध असेलच असे नव्हे, पण आज मागे वळून पाहताना तो आम्हाला दिसल्यावाचून राहत नाही.

जातक म्हणजे रचनेनेच प्रीक्वेल. आधी बुद्धाच्या काळातला प्रसंग, मग पूर्वजन्माची गोष्ट, आणि शेवटी तेव्हाचा अमुक तो आजचा तमुक, अशी जोडणी. निग्रोध आणि साख हे सोनेरी हरिणांचे दोन नायक. वाराणसीच्या राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका कळपातून एक हरीण आपण होऊन जाते. एक दिवस साखाच्या कळपातल्या गाभण हरिणीची चिठ्ठी निघते. बाळंत होईपर्यंत थांबा, असे ती विनवते. साख नकार देतो. निग्रोध तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. हा निग्रोध म्हणजे बुद्ध, आणि साख म्हणजे देवदत्त. गोष्ट निघाली कशावरून? प्रव्रज्या घेताना आपण गर्भवती आहोत हे ठाऊक नसलेल्या एका भिक्षुणीला देवदत्ताने हाकलले होते आणि बुद्धाने चौकशी करवून तिला निर्दोष ठरवले होते, त्यावरून. म्हणजे येथे पूर्वकथा सांगितली जाते ती आज दारात उभ्या असलेल्या एका बाईच्या संदर्भात. वारसाला झोपवण्यासाठी नव्हे. प्रतिस्पर्धी दोघे येथेही आहेत, पण देवदत्त वाईट का झाला याची सबब जातक शोधत बसत नाही. संकटाच्या क्षणी कोण काय करतो, एवढेच ते पाहते.

दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातका’चे खंड मराठीत आणून ठेवले आहेत. आमच्या किती महाविद्यालयांत त्यांची पाने फाडली गेली, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. हॉलिवूडने आमची मुले पळवली अशी तक्रार करण्याआधी कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात आहे तेही पाहावे लागेल.

या जातकाचा शेवट तर आमच्या जिल्ह्यात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. राजा सर्व हरिणांना अभय देतो. झाले, हरिणे पिकात शिरू लागतात आणि शब्दात अडकलेल्या राजाच्या भीतीने शेतकऱ्यांना त्यांना हाकलताही येत नाही. रोही आणि काळविटांनी सोयाबीन तुडवल्यावर कायद्याकडे पाहत बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही अडचण कोणी समजावून सांगायला नको. कथाकाराला गोष्ट अभयदानाशीच संपवता आली असती. तो संपवत नाही. लोक राजाकडे गाऱ्हाणे नेतात, निग्रोधाच्या कानावर ते जाते, आणि तो आपल्याच कळपाला बजावतो की दुसऱ्याच्या पिकाला तोंड लावायचे नाही. शेतकऱ्यांना तो निरोप पाठवतो, कुंपण घालू नका, शेताच्या कडेने नुसती पानांची खूण बांधा. तेव्हापासून हरिणे त्या पानांपाशी थांबू लागली, असे जातक सांगते.