भिंग किती रुंद असावे?

तुरीची रास घरात आली आणि भाव बरा मिळाला, म्हणजे आमच्या सीमाभागात घरोघर एकच चर्चा सुरू होते : या पैशांचे करावयाचे काय? कोणास विहिरीवर नवी मोटर बसवावयाची असते, कोणास घरावरील पत्रे बदलावयाचे असतात, कोणास मुलीच्या शिक्षणाची फी भरावयाची असते. गेल्या हंगामानंतर मात्र एक गृहस्थ आमच्याकडे निराळाच प्रश्न घेऊन आले. बाकावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "फादर, पोरगं म्हणतंय, तुरीचे पैसे द्या, कॅमेऱ्याला भिंग घ्यायचंय. एकेक भिंग लाखाच्या वर जातंय म्हणे. इकडं धाकटीची नर्सिंगची फी भरायची हाय. आता तुम्हीच सांगा."

मुलगा उडाणटप्पू नव्हे. सोलापुरास एका छायाचित्रकाराच्या हाताखाली राहून तो काम शिकला आहे. लग्नसराईत मिळवलेल्या पैशांतून त्याने एक जुना, वापरलेला मीडियम फॉर्मॅट डिजिटल कॅमेरा घेतला. त्याबरोबर ४५ मिलिमीटरचे एकच भिंग मिळाले. आता बीदर आणि कलबुर्गी येथील जुन्या वास्तूंची चित्रे एका दिनदर्शिकेसाठी काढून देण्याचे काम त्यास मिळण्याजोगे होते, आणि त्यासाठी वाइड अँगल, म्हणजे रुंद कोनाचे भिंग हवे, असे त्याचे म्हणणे होते.

वाचकहो, हा प्रश्न एका घरचा असला तरी आज पुष्कळ घरांत या धंद्यातील मुले आहेत. म्हणून येथे त्याचा थोडा विस्ताराने विचार करतो.

प्रथम कॅमेऱ्याविषयी. साधारण मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो पत्रा, ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. फुजीफिल्म कंपनीच्या जीएफएक्स मालिकेतील, तसेच हॅसलब्लाड कंपनीने २०१६ साली आणलेल्या एक्सवनडी कॅमेऱ्यातील सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ सुमारे १.७ पट होते. यामुळे लहान कॅमेऱ्यासाठी लिहिलेले आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथील २३ चे भिंग लहान कॅमेऱ्यावरील १८ च्या बरोबरीचे, ३० चे २४ च्या बरोबरीचे आणि ४५ चे सुमारे ३६ च्या बरोबरीचे. हे ध्यानी न घेता जो केवळ आकडा पाहून भिंग मागवील, त्यास वाजवीपेक्षा अधिक रुंद भिंग गळ्यात पडेल.

त्या मुलास आम्ही बोलावून घेतले. तो म्हणाला, "फादर, वीस ते पस्तीसचं भिंग आलंय. वीसवर लावलं की सगळं मावतं." असे भिंग फुजीफिल्मने २०२२ साली आणले आहे हे खरे. परंतु 'सगळे मावते' या दोन शब्दांतच सारी मेख आहे.

खिडकीचे उदाहरण घ्या. खिडकीपासून दूर उभे राहिले तर बाहेरची चिंच तेवढी दिसते. खिडकीस नाक लावले तर चिंच, विहीर, गोठा, सारे शेत दिसते. रुंद भिंग म्हणजे खिडकीस नाक लावणे होय. पण शेत दिसू लागले म्हणून चिंच जवळ येत नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान, हे प्रमाण भिंग ठरवीत नाही, आपण कोठे उभे राहतो ते ठरवते. रुंद भिंग हाती आले की माणूस पुढे पुढे सरकतो. मग पायरी चौथऱ्याएवढी दिसते आणि मागची कमान खेळण्यातल्यासारखी. म्हणून भिंग निवडण्याआधी उभे राहण्याची जागा निवडावी.

यासाठी एक घरगुती हिशेब आहे. कॅमेरा आडवा धरला असता ४५ चे भिंग, आपण जितके फूट मागे असू, जवळजवळ तितकेच फूट रुंदी पाहते. ३० चे भिंग दीडपटीस थोडे कमी, २३ चे दुपटीस थोडे कमी आणि २० चे दुपटीहून थोडे अधिक पाहते. अठरा फूट रुंदीची भिंत घ्यावयाची तर ४५ ने साडेअठरा फूट मागे हटावे लागेल, ३० ने सव्वाबारा, २३ ने साडेनऊ. एवढे पाठ झाले की दुकानात जाण्याचे कारण नाही, फीत घेऊन जागेवर जावे.

आम्ही त्याच्यासह तसेच गेलो. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामी मशीद १३६७ सालची. ती २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद आहे, आणि तिला उघडे अंगण नाही. सारी वास्तू लहानमोठ्या घुमटांच्या छपराखाली आहे. मुलास वाटत होते, येथे २० वाचून चालणार नाही. प्रत्यक्षात कमानींच्या रांगेतून पाहिले तर मागे हटण्यास जागाच जागा. आपल्या ४५ ने त्याने जे चित्र घेतले त्यात एकीमागून एक कमान शांतपणे दूर जात होती. २० ने घेतले असते तर पहिली कमान चौकट भरून बसली असती आणि उरलेल्या तिच्या पोटात आकसून गेल्या असत्या.

बीदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांपैकी १४३६ साली निवर्तलेल्या अहमदशहा वलीच्या कबरीत आतील भिंतींवर सोनेरी व रंगीत नक्षी आणि अक्षरलेखन आहे. येथील जत्रेस हिंदू व मुसलमान दोघेही येतात, हे आमच्या भागातील लोकांस ठाऊक आहेच. अशा चौकोनी दालनात, "चार भिंतींच्या आत किती मागं जाणार?" असे मुलगा म्हणाला. आम्ही त्यास वरचा हिशेब आठवून दिला. चौकोनी खोलीत पाठ भिंतीस लावली तर समोरची भिंत आपल्यापासून जितकी दूर, तितकीच रुंद असते. मग ४५ चे भिंग ती जवळजवळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घेते. कॅमेरा व माणूस यांस लागणारे दोन-तीन फूट वजा केले तर थोडी उणीव राहते, ती ३० चे भिंग सहज भरून काढते. आणि घुमटासाठी कॅमेरा जमिनीवर ठेवून सरळ वर रोखावा, तेथे दालनाची उंची हीच मागे हटण्याची जागा. अंधाराचा बाऊ करू नये. वास्तू हलत नाही. मोठ्या छिद्राच्या महाग भिंगापेक्षा स्थिर तिपाई, एफ-११ चे छिद्र आणि काही सेकंदांचा प्रकाश पुरे होतो. मात्र तिपाई मांडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची चौकशी करावी.

खरी अडचण आली ती महमूद गावानच्या मदरशापाशी. १४७२ साली उभारलेल्या या विद्यालयाचा उरलेला मिनार सुमारे १३१ फूट उंच आहे. जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलला की मिनार मागे कलंडल्यासारखा दिसतो. कॅमेरा ओळंब्यात ठेवला तर भिंती उभ्या राहतात, पण चौकटीचा खालचा अर्धा भाग नुसती जमीन खाते. कॅमेरा उभा व ओळंब्यात धरून मिनाराचे टोक चौकटीत आणावयाचे तर ३० च्या भिंगाने सुमारे १७३ फूट दूर जावे लागते, २३ ने १३२ आणि २० ने ११५.

यावर जुनी युक्ती आहे. काचेच्या तबकड्यांवर चित्रे घेण्याच्या काळी पेटी-कॅमेऱ्यात भिंगाची फळी वर सरकविता येई. कॅमेरा सरळच राही आणि दृष्टी तेवढी वर जाई. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे ज्या निजामी राज्यात होते, त्या राज्याचे प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे अशाच तबकड्यांच्या काळातले. तीच युक्ती आज टिल्ट-शिफ्ट भिंगात आहे. फुजीफिल्मने २०२३ साली आणलेले ३० चे टिल्ट-शिफ्ट भिंग १५ मिलिमीटरपर्यंत सरकते, आणि मग मिनारासाठी सुमारे १०२ फूट अंतर पुरते. म्हणजे उंच इमारतीपुरते हे ३० चे भिंग साध्या २० च्या भिंगासही मागे टाकते. परंतु ते वजनाने सव्वा किलोच्या वर आहे, आणि किमतीनेही साध्या भिंगांहून पुष्कळ जड आहे.

गरिबाची वाट निराळी आहे. २३ चे भिंग लावावे, कॅमेरा ओळंब्यात ठेवावा, आणि घरी येऊन चित्राचा खालचा तिसरा हिस्सा कापून टाकावा. त्या मुलाच्या कॅमेऱ्याचे चित्र ५१ मेगापिक्सेलचे आहे. तिसरा हिस्सा गेला तरी ३४ उरतात आणि छपाईत वीस इंच रुंदीचे पान स्वच्छ निघते. दिनदर्शिकेस याहून अधिक काय हवे? मीडियम फॉर्मॅटचा खरा लाभ हाच की थोडे कापून टाकले तरी पुष्कळ शिल्लक राहते.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एका सणानिमित्त सर्व वृद्धांचे एकत्र छायाचित्र घेण्याचे ठरले. बाके हलविण्याचा आम्हांस कंटाळा आला. छायाचित्रकारास आम्हीच म्हटले, "रुंद भिंग लाव आणि येथूनच घे." सर्वजण मावले. रांगेच्या अगदी टोकास एक आजी बसल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात त्या वारल्या. घरच्यांपाशी त्यांचे दुसरे चित्र नव्हते. तेच मोठे करून भिंतीवर लावावे म्हणून त्यांनी मागितले. मोठे केले तेव्हा दिसले की आजींचा चेहरा आडवा ताणला गेला आहे. त्यांची नात चित्र हाती घेऊन इतकेच म्हणाली, "फादर, ही आमची आजी वाटत नाही."

हा दोष भिंग वाईट असल्याने येत नाही, उत्तम रुंद भिंगातही येतो. सरळ रेषा सरळ ठेवावयाच्या तर कडेच्या गोल वस्तू ताणल्या जाणारच, हा भूमितीचा नियम आहे. या कॅमेऱ्यावर २३ च्या भिंगात आडव्या चौकटीच्या अगदी कडेचा चेहरा उंचीच्या मानाने सुमारे ३८ टक्के अधिक रुंद होतो, ३० च्या भिंगात २४ टक्के, ४५ च्या भिंगात ११ टक्के. भिंतीच्या कडेस हे खपून जाते, कारण दगडास नातवंडे नसतात. माणसांच्या बाबतीत मात्र बाके हलवावीत, दहा पावले मागे जावे आणि कडेस कोणास बसवू नये. जे आमच्या कंटाळ्यामुळे झाले ते आज दुरुस्त होण्याजोगे नाही.

तो मुलगा हे सारे ऐकत होता. दोन दिवसांनी तो वहीत हिशेब लिहून घेऊन आला. दिनदर्शिकेस बारा चित्रे हवी होती. प्रत्येक जागी फिती टाकून त्याने पाहिले होते. सात चित्रे त्याच्याजवळच्या ४५ नेच होत होती. तिहींस ३० लागत होते आणि केवळ दोहोंस २३. वीसची गरज एकासही नव्हती. त्याने आपणहूनच म्हटले, "बाबा, फी आधी भरा. ही दोन्ही भिंगं मी तीन दिवस भाड्यानं आणतो. काम झालं, पैसे आले, की मग तीसचं बघू."

आम्हांस त्याचा निर्णय रास्त वाटला. मोठ्या शहरांत भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात, अनामत ठेवावी लागते एवढेच. पुढेमागे विकत घ्यावयाचे झाले तर ३० चे भिंग अर्ध्या किलोच्या आसपास आहे, २३ चे ८४५ ग्रॅम आणि वीस-पस्तीसचे ७२५. खांद्यावर पिशवी घेऊन एसटीने फिरणाऱ्यास हाही विचार करावा लागतो. ज्यास वारंवार लहान खोल्या व अरुंद गल्ल्या टिपावयाच्या आहेत, त्याने वीस-पस्तीस अवश्य घ्यावे. त्याचा धंदाच तो आहे. ज्यास वर्षातून दोनदा ते लागणार, त्याने त्यासाठी घरची रास विकू नये.

वडिलांस व्यवहार कळतो पण भिंग कळत नाही, मुलास भिंग कळते पण व्यवहार दिसत नाही, असे पुष्कळ घरांत होते. अशा वेळी रागावून 'नाही' म्हणू नये किंवा प्रेमाने डोळे मिटून 'हो' म्हणू नये. मुलाच्या हाती फीत व वही द्यावी आणि "मोजून ये" म्हणावे. तो मोजून आला की बहुधा भांडण उरत नाही.

दिनदर्शिकेतील मिनाराचे पान आमच्या खोलीत लागले आहे. मिनार ओळंब्यात उभा आहे. त्याच भिंतीवर शेजारी आजींचे ते चित्र आहे. ते आम्ही काढून ठेवलेले नाही. छायाचित्र काढण्यासाठी कोणी बाके तशीच ठेवू म्हटले की आम्ही त्यास त्या भिंतीपाशी नेतो.