बरोबरीत सुटलेला डाव इतिहासाने का जपावा?

१/ २८ जुलै २०२५. जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या १९ वर्षीय दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला नमवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. हा दिवस सर्वांना स्मरतो. २६ जुलै मात्र विस्मरणात चालला आहे. हा धागा त्या दिवसाविषयी.

२/ अंतिम फेरीचा पहिला डाव. पांढरी मोहरी दिव्याकडे, प्रारंभ ‘क्वीन्स गॅम्बिट अ‍ॅक्सेप्टेड’. यात पांढरा आपली डी व सी ही प्यादी दोन-दोन घरे पुढे टाकतो आणि काळा सी-प्यादे मारतो. मोबदल्यात पांढऱ्यास पटाचा मध्य मिळतो आणि ते प्यादेही बहुधा वसूल होते. त्याग कमी, उसनवारी अधिक.

३/ हा प्रारंभ पंधराव्या शतकाअखेरच्या युरोपीय ग्रंथांत आढळतो. जुन्या देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या चालीसही एकच घर सरके. तेथे तो या रूपात संभवतच नव्हता. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत छापला गेला, तोही युरोपीय पद्धतीस अनुसरून. आज रावेतमध्ये कोणी पट मांडला, तरी प्यादे दोन घरे जाते. ‘क्वीन’ला मात्र मराठीत अजून वजीरच म्हणतात.

४/ त्या डावात दिव्याची बाजू काही काळ वरचढ होती. संधी निसटली, हम्पीने चिवट बचाव केला आणि ४१ चालींनंतर बरोबरी झाली. दुसरा डावही ३४ चालींत बरोबरीत सुटला. पुढे जलद डावांपैकी पहिला बरोबरीत गेला व दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एकूण २.५–१.५. चारांपैकी तीन डाव अनिर्णित!

५/ बरोबरी कंटाळवाणी असते, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. काही खेळाडू लढण्यापूर्वीच हात मिळवतात. परंतु झुंजून आलेली बरोबरी आणि टाळलेली लढाई यांना एकाच मापाने मोजणे अन्याय्य आहे.

६/ १७८२ च्या सालबाईच्या तहाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध निर्णायक जयाविना थांबले. दोन्ही सत्तांमध्ये सुमारे वीस वर्षे शांतता राहिली. त्या तहाला वगळून पुढचा इतिहास उलगडत नाही. २६ जुलैला वगळून २८ जुलैही उलगडत नाही.

७/ लढाईतील प्रत्येक हालचालीची नोंद क्वचितच उरते. बुद्धिबळात ती चालीगणिक उरते. इतिहासप्रेमींनी केवळ निकाल पाठ करू नये. त्या ४१ चाली पटावर मांडून पाहाव्यात आणि संधी कोठे निसटली, हे स्वतः शोधावे.