‘घरीच असते’ म्हणजे काय?



यंदा माझा ऊस फेब्रुवारीअखेर तुटून गेला आणि चार दिवस मोकळीक मिळाली, म्हणून अलिबागकडे मुलीच्या सासरी जाऊन आलो. रेवदंड्याच्या अलीकडे त्यांचे घर. नारळ-सुपारीची लहानशी वाडी, भाताची थोडी खाचरे आणि भात निघाल्यावर त्याच जमिनीत पांढरा कांदा. तिकडे साखर कारखाना नाही, त्यामुळे बोलायला विषय कांद्याच्या भावाचा, नाहीतर जावयांच्या नोकरीचा. पडवीत बसलो असताना सरकारी पाहणीचा एक तरुण हातात टॅब घेऊन आला. २०१७ पासून देशभर श्रमशक्तीची जी नियतकालिक पाहणी चालते, तिच्यात त्यांचे घर निवडले गेले होते.

पोरगा माणुसकीचा. पाणी प्यायला आणि व्याह्यांना एकेक विचारू लागला. तुम्ही काय करता? शेती. मुलगा? कंपनीत. सून? व्याही म्हणाले, “ती काय, घरीच असते.”

आता गंमत बघा. जिच्याबद्दल हे चालले होते ती माझी लेक त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला सासूबरोबर कांद्याच्या माळा विणत बसली होती. सकाळची न्याहारी झाली तेव्हापासून. तो कांदा पात ठेवून वेणीसारखा गुंफतात आणि माळेनेच गिऱ्हाइकाला देतात. म्हणजे जे काम झाल्याशिवाय माल रस्त्यावर येत नाही, ते करणारी बाई ‘घरीच’. माझ्या तोंडाशी आले होते, पण मुलीच्या सासरी बापाने किती बोलावे! गप्प बसलो. तो पोरगाच हुशार निघाला. म्हणाला, “काका, ह्या माळा कोण विणतं?”

एवढ्या एका प्रश्नाने खाते बदलले. या पाहणीत प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणे आकडा देतात. नुसते घरकाम करणारीला ९२. घरकाम सांभाळून सरपण, चारा गोळा करणारी किंवा घरापुरते शिवणटिपण करणारी ९३. हे दोन्ही आकडे ‘श्रमशक्तीबाहेर’, म्हणजे सरकारच्या हिशेबी ती कामकरी नाही आणि बेकारही नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारी २१, आणि ती मात्र कामकरी. वर्षातून ३० दिवस जरी असे दुय्यम काम केले तरी ते नोंदले जाते. लावणी, कापणी, कांद्याची लागण, माळा, हे सगळे धरले तर माझ्या लेकीचे किती ३० दिवस होतील ते तुम्हीच मोजा. नियम चांगलाच आहे. पण ‘काम’ हा शब्द उच्चारला की आपल्याला पगार आठवतो, तिथे नियमाने काय व्हायचे?

ही अडचण नवी नाही. बेकारीचे आकडे कसे काढावेत यासाठी प्रा. दांतवाला यांची समिती नेमली होती. तिने १९७० साली सांगितले की आपल्यासारख्या देशात सगळ्या बेकारीचा मिळून एकच आकडा काढण्यात अर्थ नाही. कारण इथला माणूस सकाळी स्वतःच्या शेतात, दुपारी दुसऱ्याच्या बांधावर आणि उद्या रिकामा. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ साली वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा असा तीन तऱ्हेने हिशेब केला. साल लक्षात घ्या. आपल्याकडे त्याच साली मोठा दुष्काळ होता आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडत होती. माझे वडील सांगत, हजेरीपटावर नाव चढले तेव्हा आमच्या आईला पहिल्यांदा कळले की ती ‘मजूर’ आहे. तोवर ती घरीच होती.

तीन तऱ्हा का लागतात ते रायगडच्या किनाऱ्यावर लगेच कळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांत कोळीवाड्यात जाऊन ‘गेल्या सात दिवसांत काय केले?’ विचारा, कोणी म्हणेल बसून आहे, कोणी म्हणेल जाळी शिवतोय. जाळी शिवणे हेसुद्धा धंद्याचेच काम. शिवाय नियम असा की आठवड्यात एक तास जरी काम केले तरी त्या आठवड्यापुरता तो माणूस कामावर. तोच माणूस नारळी पौर्णिमेनंतर गाठला तर त्याला बोलायला फुरसत नसते. म्हणून ही पाहणी एका दमात न उरकता वर्षभर पसरून करतात, हे शहाणपणाचे आहे. जानेवारी २०२५ पासून तर खेड्यातल्या घरीही लागोपाठ चार महिने चार वेळा जातात. पूर्वी खेड्यात एकदाच जात.

मात्र सगळ्यात मोठी चूक होते ती बंद दाराशी. परतताना रस्त्याकडेला एक कातकरवाडी लागली. दहा-बारा झोपड्या, एका म्हातारीशिवाय चिटपाखरू नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाहणीचा नियम सांगतो की सहा महिन्यांच्या आत परतणारा तो घरचा. त्याहून जास्त बाहेर राहणारा त्या घरात धरायचा नाही. दिवाळी ते मृगाचा पाऊस मोजून पाहा, काटा त्या सहा महिन्यांच्या पुढेच जातो. वाडीत तो नाही, भट्टीवरच्या खोपटात त्याला घर म्हणून कोण विचारतो? देशभरात वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार घरे निवडतात. साडेसातशेवर जिल्हे, म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास. तेवढ्यात पनवेलच्या सोसायट्या, उरणचे बंदर, पेणचे गणपती कारखाने, मुरूडचा कोळीवाडा आणि ही वाडी, सगळे यायचे. वाडी आली, आणि नेमकी मार्चमध्ये आली, तर बंद दार.

तुम्ही म्हणाल, हे रायगडचे रडगाणे आपल्या अंकात कशाला? तर आपल्या फडातच बघा. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारी बाई आपल्या कागदावर कुठेच नाही. २०१९ साली स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. पैसा कोणासाठी, हे कळायला माणसे तरी मोजलेली हवीत. मोजली तर उद्या जबाबदारी आपल्या गळ्यात येईल, ही भीती आपल्यातल्या पुष्कळांना आहे. मलाही आहे, खोटे कशाला बोलू? पण दरवर्षी उचल बुडाली म्हणून आपण ओरडतो, टोळी आली नाही म्हणून ओरडतो, आणि टोळीत माणसे किती हे विचारले तर कोयते सांगतो.

आणखी एक आपल्याच घरातले. पदवी घेतलेला मुलगा दोन वर्षे घरी आहे. कोणी विचारले की आपण ऐटीत सांगतो, “शेती बघतो.” बांधावर एक चक्कर मारली की तोही कामकरी धरला जातो. सुनेचे काम आपण लपवतो आणि पोराची बेकारी झाकतो. मग बाहेर येणाऱ्या आकड्याला नावे ठेवतो.

धनंजयराव गाडगीळ हे प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष, हे आपल्याला पाठ आहे. त्याच गाडगिळांनी पुणे शहराची घरोघर जाऊन आर्थिक पाहणी केली होती आणि ती १९४५ साली छापून निघाली, हे फारसे कोणी सांगत नाही. सहकार उभा करणारा माणूस आधी घरे मोजत होता.

आपल्याकडे गट कार्यालये आहेत, ऊसनोंदीला प्रत्येक सभासदाच्या शेतावर जाणारे कर्मचारी आहेत, कोपीपर्यंत पोचणारे चिटबॉय आहेत. हंगामात दोनदा, एकदा टोळ्या उतरल्यावर आणि एकदा संक्रांतीनंतर, कोपीतल्या प्रत्येक माणसाची नोंद करावी. बाईला बाईने विचारावे, नवऱ्याला किंवा मुकादमाला नव्हे. ‘काम करतेस का?’ असे विचारू नये. काल पहाटे चारपासून काय काय केलेस, असे विचारावे. सरकारच्या २०१९ आणि २०२४ च्या वेळेच्या पाहणीत असेच अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले होते आणि त्यात बायकांचा दिवस उलगडला. तेरा-चौदा वर्षांचा पोर फडात असेल तर तोही लिहावा, लाज वाटली तरी. सभासदांच्या घरीही हाच कागद न्यावा, म्हणजे फक्त मजुरांचीच चौकशी केली असे होणार नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. सूचक माझे नाव आहेच, अनुमोदक हवा आहे. सभासद भगिनींपैकी कोणी पुढे आली तर बरे. ज्यांच्या नावावर शेअर आहे आणि ज्या सभेला येत नाहीत, अशा भगिनी आपल्याच यादीत पुष्कळ आहेत.