तो वाघ फ्लेक्सवरून उतरवा

स्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्सवर नवा फ्लेक्स लागलाय. बघितला असेलच. ‘व्हीएफएक्स शिका, हॉलिवूडमध्ये करिअर करा, १०० टक्के जॉब.’ आणि खाली फोटो कुणाचा? ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघाचा.

हसावं का रडावं कळेना मला. अख्ख्या सिनेमाच्या दुनियेत यांना नेमका तोच वाघ सापडला, ज्याला घडवणारी कंपनी ऑस्करच्या जेमतेम दोन आठवडे आधी दिवाळखोरीत निघाली होती!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यान मार्टेलची कादंबरी २००१ ची, बुकर मिळालेली. त्यावर अँग लीनं २०१२ मध्ये सिनेमा केला. पाँडिचेरीचा पोरगा, बुडालेलं जहाज, एका होडीत तो आणि वाघ. आपले इरफान आणि तब्बू त्यात आहेत. जगभरात साठ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला. पण सूरज शर्मा ज्या वाघाला बघून थरथरतो, तो बहुतेक वेळा समोर नव्हताच. तैवानमधली पाण्याची मोठी टाकी, मागं निळा पडदा आणि हा पोरगा. खरे वाघ मोजक्या शॉटपुरते. बाकीचा वाघ, अंगावरच्या केसासकट, रिदम अँड ह्यूज नावाच्या कंपनीतल्या माणसांनी कॉम्प्युटरवर उभा केला. ही कंपनी मूळ लॉस एंजेलिसची, पण मुंबई आणि हैदराबादलाही तिची ऑफिसं होती. म्हणजे त्या वाघाला आपल्या पोरांचे हात लागलेत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, शेकडो लोक घरी बसले. ऑस्करच्या रात्री बाहेर रस्त्यावर हे कारागीर निदर्शनं करत होते आणि आत त्यांच्याच कामाला बक्षीस मिळत होतं. बिल वेस्टनहोफर ट्रॉफी घेऊन कंपनी अडचणीत आहे असं सांगायला लागला, तर ‘जॉज’चं संगीत वाजवून त्याचा माईक बंद केला. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले. वाघ करणाऱ्यांच्या हातात नारळ.

हे झालं कसं? आपल्याकडं घराचं गुत्तं देतात ना, तसंच. आकडा आधीच ठरलेला. मग मालक म्हणतो, जिना इकडून नको, तिकडून घ्या. पाडा, परत बांधा. आपला गुत्तेदार निदान भांडतो तरी. तिथं भांडला तर पुढचं काम दुसऱ्याला जातं. त्यात कॅनडा, लंडनकडची सरकारं सवलती देतात, की काम पळालं तिकडं. आणि सगळ्यात किचकट, सगळ्यात स्वस्तात करून हवं असलेलं काम येतं आपल्याकडं. ‘हॉलिवूडचं काम भारतात’ म्हणून आम्ही पेपरवाले कौतुकानं छापतो. मीही छापलंय, कबूल करतो.

आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे, नाव सांगत नाही. बापानं पतसंस्थेतून दीड लाख काढून कोर्स करवला. मुंबईत रोटोचं काम मिळालं. रोटो म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं आणि प्रत्येक चित्रात माणसाभोवती हातानं रेघ मारायची. आठवडाभर तो एका हिरोइनच्या उडत्या केसांभोवती रेघा मारत होता. सिनेमा संपला, कॉन्ट्रॅक्ट संपलं. चार महिने घरी होता. पतसंस्थेचा हप्ता काही घरी बसत नाही.

आता काही जण म्हणतील, भाऊ, तुम्ही पोरांचं खच्चीकरण करता. अजिबात नाही. कला मोठीच आहे, तो वाघ मी तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा खरा वाटलाय. ज्याला शिकायचं त्यानं जरूर शिकावं. पण मीही एकेकाळी असाच एक डिप्लोमा केलाय, पत्रकारितेचा. फ्लेक्सवरची ‘१०० टक्के’ काय असते ते माझ्या पगाराच्या पावतीवरून समजतं.

परवा त्या क्लासच्या संचालकांना भेटलो. साधेच प्रश्न विचारले. मागच्या बॅचची किती पोरं कामाला लागली? पगारावर का कॉन्ट्रॅक्टवर? किती महिने टिकली? उत्तर काय मिळालं माहितीये? “साहेब, जरा पॉझिटिव्ह लिहा, दिवाळी अंकाला अर्धं पान जाहिरात देतो.”

जाहिरात द्यायची तर जरूर द्या, संपादकांना चालेल. पण आधी मागच्या बॅचची यादी काचेवर लावा. कोण, कुठं, किती पगारावर. आणि तोवर तो वाघ तेवढा उतरवा.

तिथं शिकून आलेली पोरं किंवा त्यांचे आई-वडील वाचत असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. फी भरल्याची पावती असेल तर फोटो पाठवा.